दापोलीचं तपासणी केंद्र : चाळिशीतल्या बाबूला घेऊन तीन फेऱ्या

आमच्या बाबूला रातांबे फोडायचं काम लहानपणापासून येतं. मे महिना लागला की पडवीत पाट टाकून बसायचा. साल एका सुपात, गर आणि बिया पातेल्यात. मध्येच एक बी चोखायची, तोंड वाकडं करायचं आणि पुढचं फळ घ्यायचं. दिवसाला तीन टोपल्या व्हायच्या. आमच्या घरच्या आमसुलांत निम्मी मेहनत त्याची, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. २०२४ च्या मे महिन्यात तो पाटावर बसला, आठदहा फळं फोडली आणि उठून आत जाऊन निजला. दुसऱ्या दिवशी पाटावर आलाच नाही.

मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत २६ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. बाबू माझा धाकटा भाऊ, १९८४ चा. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त, त्यामुळे बोलणं-शिकणं सावकाश. वडील गेले, आई ७८ वर्षांची आहे, आणि आता घर म्हणजे आम्ही तिघं. लहान मुलांचं वजन, उंची, बोलणं, चालणं कधी मागे पडतंय ते मला चटकन कळतं, रोजचं कामच आहे. पण चाळिशीतला माणूस मागे जायला लागला की कुणाकडे न्यायचं, हे मला कुठल्याच प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात बाबूचं आणखी एकेक सुटत गेलं. विहिरीच्या पायऱ्या उतरेना. आंघोळीला दोनदोन तास लावी. दिवसा झोपे, रात्री उठून बसे. हाक मारली तर वळून बघत नसे. एका दवाखान्यात नेलं, तिथं आत पाऊल टाकल्यापासून पाच मिनिटांत सांगितलं, "ही मुलं चाळिशीत अशीच होतात, आता घरी सांभाळा." चाळीस वर्षांच्या बाप्याला 'मुलं' म्हणाले, आणि त्याला हात लावूनही बघितलं नाही. येताना एसटीत बाबू खिडकीशी बसला होता. मी रडत होते ते त्याला कळलं. त्यानं रुमाल काढून दिला. ज्याला काही कळत नाही असं आत्ताच मला सांगितलं होतं, तोच हा.

आमच्या बीट मिटिंगला, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीला, एका सेविकाबाईंनी दापोलीच्या या केंद्राबद्दल सांगितलं. महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, प्रौढ दिव्यांगांची तपासणी असते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालीत येणारी अडचण), डाउन सिंड्रोम, वय १८ च्या पुढे. केंद्राचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथल्या ताईंनीच तशी विनंती केली आहे, कारण एका शनिवारी चौदा माणसंच बघता येतात आणि आत्ताच तीन महिन्यांची रांग आहे. ज्यांच्या घरी गरज आहे त्यांनी आपल्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना विचारावं, पत्ता मिळेल.

आम्ही धोपाव्याला फेरीबोटीनं खाडी ओलांडतो, दाभोळला उतरून एसटीनं दापोली. बोट हा बाबूचा जीव की प्राण. एरवी अंथरुणातून उठायला तयार नसलेला माणूस त्या दिवशी पाच वाजता चप्पल घालून अंगणात उभा होता. बोटीत चढताना मात्र त्या लोखंडी उताराशी अडला. पाय पुढे करी आणि मागे घेई. मला वाटलं भीती बसली असेल. त्याचं खरं कारण दुपारी कळलं.

केंद्र म्हणजे एक जुनं कौलारू घर. पुढच्या ओटीवर बाकं, आत तीन खोल्या. पहिली गोष्ट जी मला भावली ती सांगते. आतल्या मॅडमनी पहिला प्रश्न बाबूला विचारला, मला नाही. "तुम्ही कुठून आलात?" असं अहोजाहो करून. मग गप्प राहिल्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी हळूच हात वर केला. मनात दहा आकडे मोजावेत इतका वेळ गेला आणि बाबू म्हणाला, "बोट." मग थोड्या वेळानं, "ताय आनि मी." एवढं बोलायला त्याला कुणी वेळच देत नाही. आम्ही घरचे सुद्धा देत नाही, हे त्या दिवशी मला लागलं.

तपासणी तीन तास चालली. वजन, रक्तदाब, दात, मान, पायांची बोटं, छातीचे ठोके. डाउन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, बाबूच्या नाही, पण मोठेपणी हृदयाच्या झडपा सैल होऊ शकतात म्हणून पुन्हा ऐकतात. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे चालण्यात बदल झाला की मान बघायची, हे मला पहिल्यांदाच कळलं. झोपेबद्दल वीसेक प्रश्न विचारले. घोरतो का, मध्येच श्वास अडकल्यासारखं होतं का, बसून झोपतो का. मग कान. दोन्ही कानांत मळ दगडासारखा घट्ट बसलेला. यांच्या कानाची नळी अरुंद असते, मळ लवकर साचतो. तेल घालून आठवड्यानं काढायचं ठरलं. मग डोळ्यांत टॉर्च मारून डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. "हे पांढरट दिसतंय ना? मोतीबिंदू. दोन्हीकडे." डाउन सिंड्रोममध्ये तो लवकर येतो. विहिरीची पायरी, बोटीचा उतार, सगळ्याचा उलगडा झाला. त्याला खालची पायरी कुठं आहे ते दिसतच नव्हतं.

रक्ताचा नमुना शेजारच्या लॅबमध्ये दिला. चार दिवसांनी फोन आला, थायरॉइड फारच मंदावलं आहे. डाउन सिंड्रोमच्या माणसात हे इतकं सर्रास होतं की वर्षातून एकदा ही तपासणी करायचीच असते. बाबूची शेवटची कधी झाली होती? कधीच नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. मी अंगणवाडीत गरोदर बायांना रक्त तपासून घ्या म्हणून दारोदार फिरते, आणि माझ्या घरात हे.

दिवसा झोपणं, मंदपणा, हाकेला ओ न देणं, पायरी न उतरणं. एकेकाला वेगवेगळं कारण होतं आणि बहुतेकांना उपाय होता. पण आधीच्या ठिकाणी सगळं 'डाउन सिंड्रोम'च्याच खात्यावर मांडून मोकळे झाले. केंद्रातले डॉक्टर म्हणाले की हे जगभर होतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला पोटात दुखलं तरी लोक म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. त्यातून साधी दुखणी अंगावर राहतात आणि माणसं लवकर जातात.

त्यांनी एक गोष्ट लपवली नाही, तीही लिहिते. विसरण्याचा आजार, ज्याला अल्झायमर म्हणतात, तो डाउन सिंड्रोमच्या लोकांना इतरांपेक्षा खूप लवकर गाठतो. कारण असं. आपल्या प्रत्येक पेशीत २१ व्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, यांच्यात तीन. हे १९५९ साली फ्रान्समध्ये कळलं. ज्या प्रथिनापासून अल्झायमरचे मेंदूतले थर बनतात, त्याचं जनुक नेमकं त्याच २१ व्या गुणसूत्रावर आहे. प्रती तीन, म्हणून माल जास्त, म्हणून थर लवकर. चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत ते थर दिसतात, पण त्याची लक्षणं कुणाला कधी येतील ते सांगता येत नाही. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोमच्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांचं होतं, आता साठच्या घरात आहे. म्हणजे ही माणसं म्हातारी व्हायला लागली तीच मुळी आपल्या डोळ्यांदेखत. म्हातारपणी त्यांचं काय होतं, याचा अभ्यास नवा आहे.

मग बाबूला तो आजार आहे का? मॅडम म्हणाल्या, त्याची तुलना दुसऱ्या कुणाशी करून चालणार नाही, त्याची तुलना त्याच्याशीच. पाच वर्षांपूर्वी तो काय करायचा ते सांगा. मी रातांब्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, काही चित्रीकरण आहे का? माझ्या मोठ्या भावाच्या मुलीच्या लग्नाची व्हिडिओ होती, २०१६ ची, पुतण्यानं मोबाइलवर पाठवली. ती डॉक्टर आणि मॅडम दोघांनी बसून बघितली. बाबू वरातीत नाचतो आहे, पाहुण्यांना अक्षता वाटतो आहे, पायऱ्या धडाधडा उतरतो आहे. बारीक नजरेनं बघून टिपणं काढली. लग्नाची व्हिडिओ कुणी अशी कामाला लावली असेल असं मला वाटत नाही. तिथून घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. तुमच्या घरातलं असं माणूस तीस-पस्तिशीचं असेल तर आत्ताच त्याचं रोजचं काम दहा मिनिटं मोबाइलवर टिपून ठेवा. आंघोळ नको, जेवण, कपडे घड्या घालणं, चालणं, गप्पा. पुढे हेच चित्रीकरण उपयोगी पडतं.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दलही थोडं. बाबूच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलेलं आहे, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता म्हणजे ७५. योजना, प्रवास सवलत, दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा, सगळं त्या आकड्यावर चालतं, त्याशिवाय दार उघडत नाही हे मान्य. पण तो आकडा २०१६ च्या बाबूलाही तोच आणि खाटेवर पडलेल्या बाबूलाही तोच. तीन टोपल्यांवरून तो शून्यावर आला ते त्या आकड्यात कुठंच दिसलं नाही. केंद्रात त्यांनी त्यांच्या फॉर्ममध्ये सरळ 'रातांबे' असं लिहिलं, तीन टोपल्या, आणि पुढे तारखेचे रकाने सोडले. मला वाटतं संशोधन करणाऱ्यांनी सुद्धा असंच मोजायला हवं. औषधानं बाबू कागदावर चार गुण जास्त मिळवतो की नाही यापेक्षा तो पाटावर बसतो की नाही, हे मला कळायला हवं.

थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरी फेरी. त्या दिवशी तपासणीनंतर दुपारी ओटीवर सगळ्या घरांना बसवलं. एका विद्यापीठातून दोघी संशोधक बाया आल्या होत्या. मला वाटलं पुन्हा फॉर्म. तर त्यांनी ओळीनं स्टीलच्या वाट्या मांडल्या आणि प्रत्येक वाटीपुढे एक चित्र. प्रत्येक चित्र म्हणजे एक प्रश्न. मूल असं का जन्मतं, चाळिशीनंतर मंद का होतो, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काय होतं, मुलीची पाळी, रात्रीची झोप आणि चिडणं, काम आणि पैसा, एकट्यानं प्रवास, घरातलं माणूस गेलं तर त्याचं दुःख, आईबापामागे कोण. प्रत्येकाच्या हातात दहा चिंचोके दिले. ज्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं जावं असं वाटतं त्या वाटीत टाका. दहाही एकाच वाटीत टाकले तरी चालेल.

ही पद्धत त्यांच्या मनची नाही. इंग्लंडमध्ये २००४ पासून अशी रीत आहे, रोगी, घरचे आणि डॉक्टर एकत्र बसून कुठल्या प्रश्नांवर आधी संशोधन व्हावं ते ठरवतात आणि दहांची यादी काढतात. २०१६ मध्ये तिथं स्वमग्नतेची यादी झाली. पहिल्या क्रमांकावर कारणं किंवा जनुकं आली नाहीत. मानसिक आरोग्य आलं, म्हणजे या माणसांची उदासी आणि भीती कशानं कमी होईल. दुसरा क्रमांक बोलण्या-समजण्याचा, तिसरा मोठ्या वयातल्या माणसांना आधार कसा द्यायचा याचा. पैसा मात्र तोवर बराचसा कारणं शोधण्याकडेच जात होता. चिंचोके ही फक्त आपल्याकडची भर.

आमच्या ओटीवर 'आईबापामागे कोण' ही वाटी भरून चिंचोके जमिनीवर सांडले. एका काकांनी आक्षेप घेतला, हा काय संशोधनाचा प्रश्न आहे का, हे सरकारचं काम. मलाही क्षणभर तसंच वाटलं. अशा दिव्यांगांसाठीचा नॅशनल ट्रस्टचा कायदा १९९९ चा, पालकांच्या मागे काळजी कशी घ्यायची हे त्याच्या उद्दिष्टांतच लिहिलेलं आहे, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती कायदेशीर पालक नेमू शकते. पण संशोधक बाई म्हणाल्या, कायदा दार उघडतो, आत काय असावं ते कोण सांगणार? भावंडांकडे राहिलेला माणूस जास्त दिवस चांगला राहतो, की वसतिगृहात, की चारपाच जणांच्या छोट्या घरात? गावातून उचलून शहरात नेलं तर त्याची भाषा, त्याची माणसं, त्याची बोट सुटते, त्याचं काय होतं? हे मोजता येतं, आणि आपल्याकडे कुणी मोजलेलं नाही. मला पटलं. माझी आई रोज रात्री हेच विचारते. "माज्या मागारी ह्येचा कोन करील गो बाय?" मी म्हणते, मी आहे ना. पण मीही पंचावन्नची आहे.

'मूल असं का जन्मतं' ही वाटी जवळपास रिकामी. माझ्यासारख्यांनी तिकडे बघितलंही नाही, जन्माला आलेलं माणूस समोर बसलेलं असताना 'का' घेऊन काय करायचं? पण भावासोबत आलेल्या एका तरुण मुलीनं आपले दहाही तिथंच टाकले. तिला लग्नानंतर मूल हवं आहे आणि सासरचे अडून बसले आहेत, तुमच्या घराण्यात आहे म्हणतात. डॉक्टरांनी तिला तिथंच समजावलं. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही, स्त्रीबीज किंवा पुरुषबीज बनताना गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होते. शंभरात तीनचार जणांत मात्र एक वेगळा प्रकार असतो, २१ व्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला. तो आईकडून किंवा बापाकडून आलेला असू शकतो, आणि भावाची गुणसूत्रांची तपासणी केली की कळतं. तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं. त्या मुलीचा चेहरा अजून माझ्यासमोर आहे. माझ्या मते कमी महत्त्वाची असलेली वाटी तिचं अख्खं आयुष्य अडवून बसली होती.

आणि बाबू. त्यांनी चिंचोके फक्त घरच्यांना नाही दिले, त्या माणसांनाही दिले. बोलता न येणारा एक तिशीचा मुलगा होता, खुर्चीवर, त्यानं डोळ्यांनी वाटी दाखवली आणि मॅडमनी टाकलं. बाबूनं सगळ्या वाट्या दोनदा फिरून बघितल्या. मला वाटलं तो झोपेच्या किंवा कामाच्या वाटीशी थांबेल. तो एसटीचं चित्र असलेल्या वाटीशी बसला आणि एकेक करून दहाही टाकले. एकट्यानं प्रवास. एक्केचाळीस वर्षांत मी त्याला एकट्याला नाक्यापर्यंतही सोडलेलं नाही. त्याला हवं आहे हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या बायांनी जवळच्या दोन अभ्यासांबद्दल सांगितलं, ते अंगणवाडीतल्या माझ्यासारखीला फार मोलाचे वाटले. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा सर्व्हे देशातल्या पाच भागांत झाला, त्यात एक भाग आपल्या शेजारचा उत्तर गोवा. दोन ते नऊ वर्षांच्या जवळजवळ चार हजार मुलांना तपासलं. दृष्टी, ऐकणं, फिट, बोलणं, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अभ्यासातल्या अडचणी असं सगळं धरून साधारण आठातल्या एका मुलाला काहीतरी अडचण निघाली. दुसरा अभ्यास २०१६ चा, गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथला. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना मुलाशी खेळायचं-बोलायचं कसं ते शिकवलं, आणि शिकवणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. पासष्ट मुलं होती. शिकवलेल्या घरांत आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला लागले आणि मूल आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करायला लागलं. आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची, गाडी वर्षातून दोनदा आमच्या अंगणवाडीत येते, मुलं शोधते, चिठ्ठी देते. त्यानंतरचे आठ-दहा महिने ती आई माझ्याच दारात उभी असते. मला कुणी बारा दिवस शिकवलं तर मी ते काम करीन, आज करीन.

पण बघा, दोन्ही अभ्यास लहान मुलांचे. मोजणी नऊ वर्षांवर थांबते, शाळा अठराला थांबते. औषधांच्या चाचण्यांचं तर विचारूच नका. अल्झायमरवर अलीकडे जी नवी औषधं आली, त्यांच्या मोठ्या चाचण्यांत डाउन सिंड्रोमची माणसं घेतलीच नव्हती. ज्यांना तो आजार सगळ्यांत जास्त होतो तेच बाहेर. अमेरिकेनं २०१८ साली डाउन सिंड्रोमच्या संशोधनासाठी वेगळा कार्यक्रम काढला, त्यात आता या लोकांना घेऊन चाचण्या करताहेत. तिकडं चालू झालं याचं बरं वाटतं. आपल्याकडच्या बाबूला ते औषध चालेल का, किती द्यायचं, हे तिकडच्या कागदावरून कसं कळणार?

आता उणिवा. मी या केंद्राला पाचपैकी चार तारे देते, आणि पाचवा का राखून ठेवला ते स्पष्ट लिहिते, तिथल्या ताईंनाही तोंडावर सांगितलं आहे. संडास मागच्या अंगणात आहे आणि मध्ये तीन उंच पायऱ्या. मोतीबिंदूचं माणूस, खुर्चीवरचं माणूस तिथं जाणार कसं? एक उतार बांधायला लागतो किती? कानाची मशीनवरची तपासणी दर महिन्याला होत नाही, तो तंत्रज्ञ एक महिन्याआड येतो, त्यामुळे बाबूची राहिली आणि आम्हाला त्यासाठी वेगळी फेरी पडणार आहे. खाडीपलीकडून येणाऱ्याला एक फेरी म्हणजे अख्खा दिवस आणि मजुरीवर जाणाऱ्याची एक मजुरी. अहवाल पाच आठवड्यांनी पोस्टानं आला आणि त्यात 'संज्ञानात्मक ऱ्हास', 'अनुकूली वर्तन' असले शब्द. मी बारावी झालेली बाई, मला दोनदा वाचावं लागलं. आईला काय वाचून दाखवणार? तोंडानं इतकं सोपं सांगतात तर लिहितानाही तसंच लिहावं.

सगळ्यांत मोठी तक्रार चिंचोक्यांची. वाट्या मोजल्या, फोटो काढले, त्या बाया गेल्या. नोव्हेंबरात तिसऱ्या फेरीला मी विचारलं, त्याचं काय झालं? अहवाल तयार होतो आहे. कुणाकडे जाणार? नीट उत्तर नाही. आम्ही दिवस मोडून आलो, मनातलं बाहेर काढून दिलं, त्या मुलीनं सगळ्यांसमोर सासरचं सांगितलं. एका पानावर मराठीत लिहून ओटीवरच्या भिंतीवर लावलं तरी चाललं असतं. कुठली वाटी किती भरली, आणि त्यातल्या कुठल्या प्रश्नावर कुणी काम धरलं. धरलं नसेल तर तेही लिहा. ताईंनी ऐकून घेतलं, वहीत टिपलं. पुढच्या वेळी भिंत बघणार आहे.

खर्च म्हणाल तर केंद्राचे दोनशे रुपये, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर तेही घेत नाहीत. रक्ताचे लॅबला वेगळे. निरामय विमा, ज्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, त्याचा फॉर्म ते तिथंच बसून भरून देतात. आमचा भरून दिला, एकही पैसा घेतला नाही. जेवणाची सोय नाही, डबा न्या. जुने सगळे कागद न्या, चष्म्याचे नंबर, फिटच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, प्रमाणपत्र. आणि त्या माणसाला काय आवडतं ते एका कागदावर लिहून न्या, तो कागद ते सर्वांत आधी वाचतात.

बाबूचं म्हणाल तर कान मोकळे झाले, हाकेला वळतो. गोळीनं दिवसाची झोप बरीच गेली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा राहिला आहे. रात्री अजून उठून बसतो, आणि कधीकधी पुतणीचं नाव आठवत नाही, चार दिवसांनी आठवतं. त्या विसरण्याला मोतीबिंदू किंवा थायरॉइड हे उत्तर नाही, हे मलाही कळतं आणि डॉक्टरही गोड बोलून टाळत नाहीत. दर सहा महिन्यांनी तोच फॉर्म भरायचा आहे. गेल्या मे महिन्यात तो पाटावर बसला. दीड टोपली. केंद्राच्या कागदावर रातांब्यापुढच्या रकान्यात मी माझ्या हातानं ते लिहिलं.

नोव्हेंबरात परत येताना दाभोळच्या धक्क्यावर तिकिटं त्याला काढायला दिली. मी दहा पावलं मागे उभी राहिले. मॅडमनी सांगितलं होतं तसे मनात आकडे मोजले, वीसच्या पुढे गेले. तो खिडकीशी वाकला, दोन बोटं दाखवली, "दोन. ताय आनि मी," म्हणाला, सुटे पैसे मुठीत घट्ट धरून परत आला आणि बोटीच्या उतारावरून माझा हात न धरता चढला.